बिनमिठाची बिस्किटं

गारखेड्यात आमच्याकडं स्वयंपाकाला पाचोडच्या एक बाई यायच्या. आम्ही मावशी म्हणायचो. नाव मी कधी विचारलंच नाही. किडनी बिघडलेल्या आमच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी त्या ज्वारीच्या पिठाची, लाल भोपळा घालून बिस्किटं करायच्या. पहिल्या दिवशी सवयीनं त्यात मीठ पडलं, तर मी केवढी ओरडले! तेव्हापासून पीठ मळण्याआधी त्या मिठाची बरणी गॅलरीत नेऊन ठेवायच्या.

एकदा बिस्किटं थापता थापता म्हणाल्या, "आमच्या मालकालाबी डाक्टरनं बिनमिठाचंच सांगितलं हुतं, ताई. चार घरचा सैपाक करून त्यांचं येगळं करायला जीवच उरत नव्हता. आमच्यातलंच खाल्लं. गेले."

मग हात धुऊन त्यांनी बरणी आत आणली आणि आमच्या भाजीत मीठ घातलं.

कुत्रा आमचा अजून ठणठणीत आहे.