चालत्या ट्रॉलीतला ऊस आणि माझी शहाणी पोरगी

मंडळी, आत्ता कुठं जीव भांड्यात पडलाय, म्हणून लिहिते. आधीच सांगते, लेक सुखरूप आहे. फक्त कोपर खरचटलंय.

दुपारी स्कूटीवरून शिरोळला घरी येत होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर. त्याच्या बाजूनं सायकलवर एक पोरगी, एका हातानं चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढतेय. बघते तर माझीच! चौदा वर्षांची, वर्गात पहिली येणारी श्रेया. ऊस निघाला नाही, सायकल मात्र आडवी झाली. नशीब, चाकापासून लांब पडली.

ड्रायव्हर ट्रॅक्टर थांबवून पळत आला. मी हात उगारलेला बघून म्हणाला, "ताई, मारू नका. काय झालं न्हाय की!" मग तिला म्हणाला, "मागितला असतास तर दिला असता की गं."

घरी विचारलं, "काय विचार करून केलंस?"

"विचार केलाच नाही गं आई. एकटी असते तर केलंच नसतं. मैत्रिणी बघत होत्या."

पालकसभेत समुपदेशक बाई हेच सांगत होत्या. या वयात मेंदूचा सारासार विचार करणारा भाग अजून तयार होत असतो, आणि दोस्तमंडळी बघत असली की धोक्यापेक्षा मजा मोठी वाटते. तेव्हा मला वाटलेलं, हे दुसऱ्यांच्या पोरांचं.

कोपराला हळद लावताना आठवलं, तिच्या वयात याच रस्त्यावर मीही ऊस ओढलेत. मी पडले नाही, म्हणून आईला कळलं नाही, आणि मी शहाणी ठरले.

खरं सांगा, तुमच्या आईला अजून काय काय माहीत नाही?