झाकणाच्या आतली चिठ्ठी

सीलवाले मेस्त्री कोणाच्याच कामाला चांगलं म्हणत नसत. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती आणि दुसरा माणूस मशीनला हात लावतो तो बिघडवायलाच, एवढंच ते त्यातून शिकले होते. काम झालं की केलेल्या बदलाची चिठ्ठी ते झाकणाच्या आत चिकटवत, झाकण आवळत आणि स्क्रूवर कागदी सील लावत: 'उघडू नये'. बायको माहेरी गेली ती याच स्वभावापायी, असं त्यांचा भाऊ म्हणे. भावाशीही त्यांचं बोलणं नव्हतं.

मालवाहतुकीच्या त्या ऑफिसात ते आले तेव्हा खिडकीबाहेर चार ड्रायव्हर खोळंबले होते. आत पावत्या करणाऱ्या बाई हाताने लिहीत होत्या. आठ दिवस त्यांचा प्रिंटर हलला नव्हता.

"मावशी, मुक्काम इथेच करायचा का आम्ही?" एका ड्रायव्हरने विचारलं.

"कर. घरी तरी कोण वाट बघतंय तुझी," बाई मान वर न करता म्हणाल्या.

मालक टेबलाला टेकून उभे होते. "मेस्त्री, जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालू झाला तर ठीक. नाहीतर मशीन भंगारात आणि बाई घरी. माझा मुलगा वरच्या मजल्यावर दिवसभर काम करतो, त्याचं कधी अडत नाही. बाईच काहीतरी दाबतात."

"दाबतच असणार," मेस्त्री म्हणाले. फोनवरही त्यांनी हेच ऐकवलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून बाईंनी दोन रिबनी बदलल्या होत्या, केबल पाच वेळा काढून बसवली होती.

त्यांनी बाईंच्या कॉम्प्युटरचं सील फाडलं, झाकण काढलं. आत त्यांचीच चिठ्ठी होती, नऊ दिवसांपूर्वीची: 'नेटवर्क जोडलं. चाचणीसाठी एलपीटी-वन वरच्या मजल्यावरच्या प्रिंटरला दिला.'

बाईंच्या जुन्या प्रोग्रॅमला प्रिंटरकडे जाणारं एकच दार माहीत होतं, एलपीटी-वन. ते दार मेस्त्रींनी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये वरच्या मजल्याकडे वळवलं होतं. मालकांचा मुलगा म्हणाला होता, प्रिंटर उद्या जोडतो, मग चाचणी घ्या. चाचणी राहिली, दार तसंच राहिलं.

मेस्त्रींनी चिठ्ठीवर अंगठा ठेवला. नखाने सहज निघाली असती.

"अंगठा काढा," बाई हळूच म्हणाल्या. "अक्षर तुमचंच आहे. मी वाचून दाखवू, का तुम्ही सांगताय?"

मेस्त्री मालकांकडे वळले. "चूक माझी. पण ती कळायला अक्कल लागते, आणि ती इथे कोणाला नव्हती."

"नोकरी वाचवायला दोघं एक झालात होय," मालक म्हणाले. "यांनी छापायला दिलंच नसेल."

"वर चला," मेस्त्री म्हणाले.

वर कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर पत्त्यांचा डाव अर्धवट मांडलेला, खुर्ची रिकामी. प्रिंटरवर खोक्यातून आला तेव्हाची चिकटपट्टी तशीच होती. मेस्त्रींनी ती ओढून काढली, केबल जोडली, कागद घातला, बटण दाबलं.

प्रिंटर थरथरला. बाईंनी खालून पाठवलेली पहिली पावती आली, आठ दिवसांपूर्वीची, कोपऱ्यात वेळ: सकाळचे नऊ दहा. मग दुसरी. मग थांबेचना. कागद जमिनीवर पडू लागले तसे मालक वाकून गोळा करू लागले. बराच वेळ वाकलेलेच होते.

"तो इथे बसतो ना रोज?" त्यांनी विचारलं.

"पत्ते बघा, किती हुशारीने लावलेत," बाई म्हणाल्या.

मालक सरळ झाले, पण बाईंकडे बघेनात. मेस्त्रींना म्हणाले, "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

खाली मेस्त्रींनी सेटिंग काढलं. बाईंच्या प्रिंटरने कर्कश आवाज करत पावती छापली. ड्रायव्हर पुढे सरकले. मेस्त्रींनी झाकण उचललं, पण स्क्रू बाईंच्या मुठीत होते.

"उघडंच राहू दे."

"धूळ जाईल."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या आणि पहिल्या ड्रायव्हरची पावती फाडायला घेतली. "चिठ्ठी वाचता तरी येईल."