बेचाळीस नंबरची ओळ

विवाह नोंदणीच्या कचेरीत चौतीस वर्षं काढल्यामुळे सगळे त्यांना नोंदकाका म्हणत, आणि त्यांना ते मनापासून आवडे. निवृत्तीनंतर तर त्यांचा भाव आणखीच वधारला. वंशावळ जुळवायची हौस असलेले लोक, पणजोबांच्या लग्नाची नोंद सापडेना की काकांचं दार ठोठावत. काकांची रीत ठरलेली. "नवरा-बायकोची नावं राहू द्या. साक्षीदार कोण होते ते सांगा." नवरा-बायको घाईत काहीही लिहून जातात, साक्षीदार मात्र निवांत बसून ठसठशीत सही करतो, असं त्यांचं म्हणणं. या रीतीनं त्यांनी शेकडो हरवलेली लग्नं हुडकली होती, आणि प्रत्येक वेळी घरी ऐकवलीही होती.

मग परदेशातल्या लेकीला दिवस गेले. बाळंतपणाला आई-बाबा दोघंही हवेत, म्हणून तिनं व्हिसासाठी लागणाऱ्या कागदांची यादी पाठवली. पहिलाच कागद लग्नाचा दाखला.

"जगाचे शोधलेत, आपला कुठंय?" काकूंनी विचारलं.

"आणतो की, चुटकीसरशी!"

कचेरीत काकांच्या जागी आलेल्या मुलीनं जुनं रजिस्टर काढून दिलं. नावावर नोंद नाही. काकांनी हसून हुकमाचा एक्का काढला. समोरचा चहावाला आणि धाकटा मेहुणा, हे त्यांचे साक्षीदार. दोघांची सही कुठंच नाही. आता काकांना घाम फुटला. शेवटी त्यांनी लग्नाच्या तारखेचं पान बोट ठेवून वाचलं. एकेचाळीस, मग एकदम त्रेचाळीस. मधली ओळ कोरी, आणि कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'साहेब भरतील.' अक्षर काकांचंच.

कारकुनानं स्वतःच्या लग्नाची नोंद स्वतः करायची नाही, असा नियम होता आणि नियमाला काका पक्के. त्यांनी साहेबांसाठी ओळ सोडली. साहेब जेवायला गेले ते परस्पर बदलीच्या गावी. साक्षीदार वाट बघून कंटाळले आणि घरी गेले. पानाच्या तळाशी महिनाअखेरचा शेरा होता, 'तपासले, बरोबर आहे.' त्याखालची सहीही काकांचीच.

"मागची नोंद आता नाही करता येत, काका," मुलगी चाचरत म्हणाली. "नव्यानं करावी लागेल. दोघं या." तिला हा नियम काकांनीच शिकवला होता.

काकू आधी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे छत्तीस वर्षं मी कोणाच्या घरात स्वयंपाक करतेय?"

दुसऱ्या दिवशी काका आयुष्यात प्रथमच काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभे राहिले. साक्षीदार म्हणून मेहुणा आला होता, आणि चहावाल्याचा मुलगा. काकांनी सही केली.

"काकू, स्वखुशीनं ना?" मुलीनं रिवाजाप्रमाणे विचारलं.

काकूंनी पेन खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही अर्धीच रजा घेतली होती. पंगत उठायच्या आत, तीन वाजता इथं परत आलात. दुसऱ्यांची लग्नं लावायला."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. छत्तीस वर्षांत ही गोष्ट तिच्या तोंडून एकदाही निघाली नव्हती.

"आज तीन वाजता कुठं जायचंय?"

"कुठंच नाही गं."

"मग द्या ते पेन," काकू म्हणाल्या.