सॅम्पल फ्लॅटमधला माणूस

बोरिवलीपासून दहिसरपर्यंत कुठल्याही नव्या इमारतीचा सॅम्पल फ्लॅट बघायला जा, रविवारी हा माणूस तिथे हजर. कडक इस्त्रीचा शर्ट, सोबत गजरा माळलेली बायको. ती सोफ्यावर आरामात टेकायची आणि हा एसीखाली उभा राहून फुकटची कॉफी फुंकून फुंकून प्यायचा. फ्लॅटची किंमत मात्र कधी विचारायचा नाही. मला पक्का संशय, गिऱ्हाइकांची गर्दी दिसावी म्हणून बिल्डर लोकांनीच याला पैसे देऊन पेरलंय.

शेवटी एकदा मी त्याला गाठलंच. "काय हो, किती मिळतात याचे?"

तो आधी गोंधळला, मग हसला. "मिळतात कसले! घरभाडं वाढलं, तसं आमचं रविवारचं हॉटेल बंद झालं. हिला कुठेतरी न्यायला नको? इथे एसी आहे, कॉफी आहे, उठा म्हणून कोणी सांगत नाही." मग मला निरखत म्हणाला, "तुम्हीपण दर रविवारी दिसता की."

"मी खरंच घर बघतोय," मी तोऱ्यात म्हणालो.

त्याने कॉफीचा एक कप माझ्या हातात दिला. "सुरुवातीला आम्हीपण खरंच बघायचो."