पोत्यावरची कुत्री

कॉटन ग्रीनच्या एका गोदामवाल्याने माझ्या शेजाऱ्याला फसवलं. "म्हातारी झालीय, तिला चालवत नाही," म्हणत कुत्री त्याच्या गळ्यात मारली. डॉक्टर म्हणाले, तीनच वर्षांची आहे, जन्मभर बांधून ठेवलेली. महिन्याभरात चालली नाही तर मागचे पाय जातील.

गोदामात जिथे बांधलेली असायची, तिथून सोबत आलेल्या पोत्यावरच ती उभी राहते, मातीला घाबरते. शेजारी रोज तिला उचलून भोईवाड्याच्या मैदानात नेतो आणि तेच पोतं कालच्यापेक्षा थोडं लहान दुमडून अंथरतो.

"ठेव की तिला सरळ मातीत," मी ओरडलो.

"घाई तुम्हाला आहे दादा, तिला नाय."

महिना संपायला दोन दिवस उरलेत. आज पोतं रुमालाएवढं होतं. थरथरत तिने एक पाय मातीत टेकवला, मागे घेतला, पुन्हा टेकवला. शेजारी मुद्दाम दुसरीकडे बघत राहिला.

जमिनीला भ्यायला तिला कोणी शिकवलं, ते गोदामवाल्याने इथे येऊन सांगावं.