मोगलाईवाली हमीदा मावशी

हमीदा मावशी विनोद सांगण्याच्या आधीच हसून घ्यायची. हसता हसता खाली बसायची, पदराने डोळे पुसायची, मग "काय सांगू वं माय" म्हणून सुरुवात करायची, आणि अर्ध्यावर तिला पुन्हा हसू फुटायचं. तिचे कितीतरी विनोद मी पूर्ण ऐकलेलेच नाहीत. कापसाच्या ओळीत वाकलेल्या अठरा बायकांनीही ते ऐकले नसावेत. तरी सगळ्या हसायच्या, आणि हसताना कोणाचेही हात थांबायचे नाहीत.

या अठराजणींची ती मुकादम. आमचं गाव लोणारच्या पुढे, जालना जिल्ह्याच्या हद्दीला टेकलेलं आहे. आम्ही स्वतः मेहकरला राहायचो. वडील तिथे वकिली करायचे आणि त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. दिवाळीच्या सुटीत मात्र मला गावी, मोठ्या काकांकडे पाठवत. मी तिथे फारशी बोलत नसे. मी "मला" म्हटलं की गावातल्या पोरी एकमेकींना कोपर मारायच्या, कारण तिथे सगळे "मले" म्हणायचे. मी "मले" म्हणून पाहिलं तेव्हा तर त्या पोट धरून हसल्या. त्यामुळे काहीच न म्हणणं मला सोयीचं वाटे.

अकरावीच्या दिवाळीत काकूबरोबर चहाची किटली घेऊन मी पहिल्यांदा वेचणीच्या शेतात गेले. साठीला आलेली, पुरुषाचा शर्ट साडीवर चढवलेली एक उंच बाई ओळीतून माझ्याकडे बघत राहिली.

"कोन वं ही?"

"वकील भाऊजींची पोरगी," काकू म्हणाली.

"बोलते का?"

"बोलते ना. इंग्रजी बोलते."

बाईने आधी हसून घेतलं. मग म्हणाली, "मंग बोल ना वं पोरी दोन शब्द. हे बीटीचं बियानं तिकडूनच आलं म्हंतात. आमी मराठीत हाका मारून मारून थकलो, तुहं ऐकून तरी बोंडं मोठी होतीन!"

अठरा बायका हसल्या. मी किटली खाली ठेवली आणि घरी पळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, कारण त्या शेतासारखी मजा घरात कुठेच नव्हती.

मावशीचं राज्य त्या काळात जोरात होतं, आणि त्याचं कारण बीटी कपाशीच होती. पूर्वीचा कापूस दमादमाने फुटायचा, वेचण्या महिने महिने चालायच्या. बीटी सगळी एकदम फुटायची, साऱ्या गावाची एकाच आठवड्यात. फुटलेला कापूस झाडावर लोंबतोय, महाग बियाणं आणि फवारण्या त्याच्यात गेलेल्या, आणि वर आभाळात ढग दिसला की माणसं कासावीस व्हायची. गावातली तरणी पोरं पुण्याला, सुरतेला निघून गेलेली. मावशीची दोन्ही मुलं सुरतेलाच होती. मग कापूस वेचायला उरलं कोण, तर मावशी आणि तिची टोळी. एरवी ज्यांच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नसे ते लोक सकाळी सकाळी मावशीच्या टिनाच्या खोलीपुढे उभे राहायचे. माझे काका ग्रामपंचायतीचे मेंबर, मिशा पिळणारे. तेही "हमीदाबी, उद्या आमच्याकडे बरं का" असं लग्नाचं आमंत्रण दिल्यासारखं म्हणायचे. काकूचा दिवाळीचा चिवडा घरात आम्हाला मिळायच्या आधी मावशीच्या डब्यात जायचा.

मावशीची टोळी पहिल्या दिवशी सीतादही केल्याशिवाय कापसाला हात लावत नसे. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाच खडे मांडायचे, त्यांना कापसाचा धागा गुंडाळायचा, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा आणि मग वेचणी सुरू. पूजा टोळीतली शांताबाई करायची, दही मावशीच्या म्हशीचं असायचं. "दही माहं, हात शांताचा, कापूस तुमचा. कोनाचंच अडलं नाई पायजे," असं ती म्हणायची. एकदा शेजारच्या गावचा कोणी पाहुणा म्हणाला, "तुझं काय वं याच्यात, मुसलमानाच्या बाईचं?" मावशी पुन्हा आधी हसली. "अरे, सीतामायलेबी घराबाहेर काढलंच होतं ना? मंग तिले आनि मले बोलाले लय काही असते." शांताबाईने दहीभाताचा पहिला घास मावशीलाच दिला.

मावशीलाही घराबाहेर काढलं होतं, त्याची गोष्ट ती अशी सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, सहल होती. आमच्या गावाशेजारून एक नाला वाहतो. नाल्याच्या पलीकडे निजामाचं राज्य होतं, म्हणजे मोगलाई. अलीकडचा वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांनी घेतलेला. साहेब लोकांनी नकाशावर हद्द मांडली आणि तिच्या दोन बाजूंना दोन मुलूख झाले. इंग्रज गेले तरी ती हद्द लोकांच्या बोलण्यातून गेली नाही. म्हातारी माणसं अजूनही जालन्याला निघाली की "मोगलाईत जाऊन येतो" म्हणतात. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या दिवसांत तिकडे जाळपोळ सुरू झाली, तेव्हा मावशीचे आईवडील बैलगाडी जुंपून नाला ओलांडून आले. मावशी सहा महिन्यांची. तिला कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या भाऱ्याखाली लपवलं होतं.

"मी रडली नाई बरं," ती सांगायची. "गाडी नाल्यातून चालली, पऱ्हाटी नाकात टोचते, पन मी रडली नाई. माय म्हने, पोरगी मेली का काय! पाहते तं मी हासून राह्यली!"

ती रडली असती तर काय झालं असतं, हे तिने कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

तिचं जन्मगाव आमच्या गावापासून चालत अर्ध्या तासावर होतं. तेवढ्या अंतरासाठी गाव तिला साठ वर्षं "मोगलाईवाली" म्हणत राहिलं. चिडून नव्हे, एखाद्याला लंगड्या म्हणावं तसं. ती ओ द्यायची. गंमत म्हणजे नाल्यापलीकडे वेचायला गेली की तिकडचे लोक तिला वऱ्हाडी म्हणायचे. "अल्याड मी मोगलाईवाली, पल्याड वऱ्हाडी," ती म्हणायची. "नाल्यातच घर बांधतो आता. मंग दोघंबी म्हनतीन, बेंडकुळी!"

घर मात्र तिला खरोखरच बांधायचं होतं. तिच्या खोलीवरचे टिन उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवलेले होते, आणि वारा सुटला की ते दगड रात्रभर सरकत. मी बारावीत असताना, दिवाळीच्या तोंडावर, ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचली गेली. त्यात मावशीचं नाव होतं. मी काकूबरोबर बायकांत मागे बसले होते. ग्रामसेवक म्हणाला, रहिवासी असल्याचा दाखला लागेल, कोणाची हरकत आहे का? तेव्हा माझे काका उठले. त्यांना यादीत आपल्या एका माणसाचं नाव बसवायचं होतं, हे काकूला ठाऊक होतं. तिने माझा हात घट्ट धरला.

"हमीदाबी चांगल्या बाई आहेत," काका म्हणाले, "पण मूळ इथल्या नाहीत. मोगलाईतल्या आहेत. गावाचं घर गावाच्या माणसाला मिळावं, एवढंच माझं म्हणणं."

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशी हसली. आम्ही विनोदाची वाट पाहत राहिलो. विनोद आलाच नाही.

"बरं," ती म्हणाली, "परकी तं परकी." आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या शेतात कोणी आलं नाही. सरपंचांच्याही नाही, कोणाच्याच नाही. अठरा बायका मावशीच्या मागे गात नाला ओलांडून मोगलाईत गेल्या होत्या. गावाचा सगळा कापूस पांढराशुभ्र फुटून झाडावर लोंबत राहिला.

"असू दे," काका म्हणाले. "आम्हाला हात नाहीत का?" त्यांनी मिशा पिळल्या, काकूचं जुनं लुगडं कमरेला बांधून वेचलेला कापूस ठेवायला ओटी केली आणि चार मेंबरांना घेऊन शेतात उतरले. दुपारपर्यंत पाचही जण कंबर धरून बसले होते. कापूस कमी आणि वाळलेला पाला जास्त, असा त्यांनी वेचलेला ढीग होता. बोंडाची टोकं बोटांत घुसून रक्त आलेलं. काकूने ढीग चिमटीत घेऊन पाहिला आणि म्हणाली, "हे बकरीले घाला."

संध्याकाळी काकांनी मला बोलावलं. "तू जा तिच्याकडे. तुझं ऐकते ती. शिकलेली आहेस, समजाव."

मी सकाळी नाला ओलांडून गेले. रस्ताभर वाक्यं पाठ करत होते. मावशीने मला पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या कमरेला ओटी बांधली. "बोलनं मंग करजो. आधी हात चालव. हा हातबी काही बोलत नाई वाटते!" दिवसभर मी वेचलं. नखांत काटे गेले, पाठ मोडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी अठरा बायकांबरोबर एकही शब्द न समजता गाणं म्हटलं. परतताना कुठे मला पाठ केलेलं वाक्य आठवलं.

"मावशी, काका म्हणतात, परत या."

"तुहं काय म्हननं?"

मला माझं काही म्हणणं आहे असं तोपर्यंत कोणी धरलं नव्हतं. मी म्हणाले, "काका चुकले." इतकं हळू म्हणाले की शांताबाईने ते मोठ्याने पुन्हा सांगितलं, आणि तेव्हा अठराजणी अशा ओरडल्या की मला नाल्यात तोंड लपवावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेकडून काळं आभाळ चढायला लागलं. अर्ध्या तासात गावातून ट्रॅक्टर निघाला. ट्रॉलीत काका, सरपंच, ग्रामसेवक, आणि ग्रामसेवकाच्या मांडीवर शिक्क्याची पेटी. नाल्याच्या काठावर तो थांबला. पलीकडे बायका वेचत होत्या, मीही होते.

"हमीदाबी!" काका ओरडले. "दाखला देतो! या!"

"आधी द्या!" मावशी ओरडली.

ग्रामसेवकाने ट्रॉलीच्या फळीवर कागद ठेवून भराभर लिहिला, शिक्का मारला आणि चप्पल काढून नाल्यातून कागद घेऊन आला. मावशीला वाचता येत नव्हतं. तिने तो माझ्या हातात दिला. "वाच, मॅडम. जोरात."

मी वाचलं. जोरात वाचलं. "श्रीमती हमीदाबी या जन्मापासून या गावच्या कायम रहिवासी आहेत."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीने हात वर करून त्या थांबवल्या.

"हे खोटं हाये," ती म्हणाली.

"मावशी!" ग्रामसेवक आभाळाकडे बघत म्हणाला. "जन्मापासून लिहिलं की तहसीलात कोणी विचारत नाही. मेंबरसाहेबांनीच सांगितलं तसं लिहायला. घ्या ना!"

"मी कुठं इथं जन्मली? मी तं आली. गाडीत घालून आनलं माह्या बापानं. माहा बाप का मूर्ख होता, जन्मली तिथून उचलून आनाले?" ती हसत नव्हती. "इथं आली, राह्यली, मुलं झाली, नवरा इथंच पुरला. ते लिहा. आली म्हनून लिहा. त्याच्यावर घर भेटत नसन तं मले टिनच बरे."

विजा चमकायला लागल्या होत्या. काठावरून सरपंच ओरडत होते, "अहो लिहा काय म्हणते ते!" ग्रामसेवकाचे हात ओले होते, कागद भिजला होता. त्याने पेन माझ्याकडे दिलं. मी नवीन कागदावर, शाळेत निबंध लिहितात तशा वळणदार अक्षरात लिहिलं: "श्रीमती हमीदाबी सहा महिन्यांच्या असताना मोगलाईतून आईवडिलांबरोबर या गावात आल्या. तेव्हापासून त्या याच गावच्या आहेत."

"आता मेंबरची सही," मावशी म्हणाली.

काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरले. पाणी पोटरीला लागत होतं. अर्ध्यात ग्रामसेवकाने कागद त्यांच्या हातात दिला आणि ते वाचायला थांबले. दोनदा वाचलं. मला वाटलं, फाडतात. मग ते म्हणाले, "पाठ द्या कोणीतरी." ग्रामसेवक वाकला. त्याच्या पाठीवर कागद ठेवून काकांनी सही केली आणि शिक्का मारायला त्याला काठाकडे पिटाळलं.

"झालं?" ते म्हणाले. "आता आमच्या शेतात चला."

"तुमच्या कायले?" मावशी म्हणाली. "ढग दक्षिनेकडून येऊन राह्यला. आधी दक्षिनेची वावरं. तुमचं शेवटी."

आणि तिने ओटी सावरून, नाला ओलांडून सगळ्यांना ट्रॉलीत चढवलं, मलाही, काकांनाही.