भावाच्या हातचा हिरवा चुडा

इतकी वर्षे लोटली, तरी ते प्रकरण माझ्या मनातून जात नाही. निजामाच्या राज्यात तुमचे आजोबा बिदर जिल्ह्यात अमीन, म्हणजे पोलीस ठाण्याचे प्रमुख होते. ठाण्यात बाई शिपाई नसत. त्यामुळे बायकांच्या जबान्या आमच्या ओसरीवर होत आणि मी शेजारी बसे.

त्या साली आवई उठली की देवीने कोणाच्या तरी स्वप्नात येऊन सांगितले, हे वर्ष भावांवर जड आहे. भावाने स्वतः येऊन बहिणीला हिरवा चुडा भरला नाही, तर तो दगावेल. गावोगावचे भाऊ बहिणींच्या सासरी धावले. निर्णा गावच्या एका तरुण शेतकऱ्याने बहिणीला चुडा भरला, आणि तरीही तो तापाने गेला. आवई खोटी, असे कोणी म्हटले नाही. बांगड्याच वाईट होत्या, म्हणाले. त्या विकणाऱ्या कासाराला मारहाण करून, दोरीने बांधून ठाण्यात आणले.

"धंद्यासाठी ह्यानंच आवई उठवली, साहेब!"

कासाराचे तोंड सुजले होते. "बायकांचे निरोप आले, तवा म्या माल भरला. आधी कामून उठवू?"

चौकशी सुरू झाली. निर्ण्याचे लोक हळ्ळीखेडचे नाव सांगत, हळ्ळीखेडचे जनवाड्याचे, जनवाड्याचे पुन्हा निर्ण्याचे. सगळ्यांनी ऐकलेलेच होते.

जेवताना मी यांना म्हटले, "कासाराला बांगड्या भरायला बायकांचे हात पाहिजेत. भावाने स्वतः यावे, ही अट त्याला कशाला?"

"मग कुणाला?"

"जिचा भाऊ येत नाही, तिला."

निर्ण्यात तशी एक सून निघाली. पाणवठ्यावर देवीच्या स्वप्नाची गोष्ट प्रथम तिच्याच तोंडून ऐकल्याचे दोघींनी सांगितले. ओसरीवर ती पदर तोंडाशी धरून बोलली.

"आई-बाप गेल्यापासून भाऊ उंबऱ्याला आला न्हाई, अक्का. सासू रोज म्हणतीया, तुला कोण हाय? वाटलं, भ्यानं तरी येईल."

"आला का?"

"समद्यांचे आले."

तिचे नाव बाहेर पडते, तर त्या मेलेल्या तरुणापायी लोकांनी तिला जिवंत ठेवले नसते. यांनी जबानी लिहिलीच नाही. कासाराला सोडले आणि चावडीवर सांगितले की तो निर्दोष आहे, आवई खोटी आहे.

"मग उठवली कुणी, सांगा की!"

हे कागद गुंडाळून उठले.

"व्हय, कासारानं अमीनसाहेबाचं तोंड गोड केलंय," मागून कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. कासार पुन्हा त्या भागात फिरकला नाही.

हे म्हणत, चोर कबूल झाला की खटला संपतो. आवईचा धनी सापडला तरी आवई संपत नाही. तुम्ही मला विचारता, आजी, इतके लोक सांगतात ते खोटे कसे असेल? तेव्हाही इतकेच लोक सांगत होते. किती जण सांगतात ते मोजू नका. ते खरे ठरावे अशी गरज कोणाला आहे, ते पाहा.

पुढच्या वर्षी तीच आवई हळ्ळीखेडहून निर्ण्याला परत आली. ती सून तेव्हा दिवसदिवस दारात बसून माहेरच्या रस्त्याकडे पाहत असे, असे शिपायाने येऊन सांगितले. आवई तिचीच होती, तरी.